एक वाजून सात मिनिटांचा भोंगा

माझ्या सासूबाईंनी एकदा सरळच विचारलं होतं, "दिवसभर तू तिथं करतीस तरी काय?" त्या दिवशी जे केलं होतं तेच मी सांगितलं : तिघांना झोपवलं आणि एकाला उठवायची सोय केली. त्या विचार करून म्हणाल्या, "म्हंजे पाळणाघर." पुढे वीसेक वर्षं आमच्या नात्यागोत्यात मी पाळणाघरात आहे असाच समज होता. पगाराचा आकडा कानावर गेला तेव्हा दोन-तीन जणींनी आपल्या सुनांनाही तिथं चिकटवून घे म्हणून गळ घातली.

काम खरं तर तसंच होतं. बेळगावच्या उद्यमबागेत ज्या छोट्या कंपनीत मी सत्तावीस वर्षं काढली, ती यंत्रांना डोकं पुरवायची. पंज्याएवढा हिरवा बोर्ड, त्यावर एक चिप आणि चिपमध्ये लिनक्स. हा बोर्ड वजनकाट्यात बसे, शीतगृहात बसे, दुधाच्या टाकीवर बसे. बोर्डाच्या सगळ्यात आतला जो कारभारी, त्याला आम्ही कर्नल म्हणतो. बेळगावात कर्नल म्हटलं की लोक लष्कराच्या कॅम्पाच्या दिशेला बघतात, म्हणून हा शब्द मी कारखान्याच्या फाटकाबाहेर फारसा काढत नसे. कर्नलच्या हाताखाली गडी असतात. त्यांना थ्रेड म्हणायची पद्धत आहे, पण माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे मी गडीच म्हणते. एक गडी वजन बघतो, एक पावती छापतो, एक भोंगा वाजवतो. या गड्यांना झोपवणं आणि वेळेवर उठवणं हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चांगला गडी सतत जागा असावा. मलाही वाटायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी जो गडी लिहिला तो कर्नलला "आलं का? आलं का?" असं सेकंदाला लाखो वेळा विचारत बसायचा. बोर्ड इतका तापला की आमच्या मालकांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यावर चहाचा कप ठेवून मला दाखवला. चहा गरम राहिला. बॅटरी मात्र एका दुपारीत संपली. मग शिकले. चांगला गडी काम नसेल तेव्हा झोपतो. मी अमुक गोष्टीची वाट बघतोय असं यादीत नाव घालून गाढ झोपतो, आणि ती गोष्ट घडली की कर्नल त्याला उठवतो. तोवर चिप दुसऱ्या कुणाचं तरी काम करते, नाहीतर तीही गार बसते. आमच्या धंद्यात झोप ही शिस्त आहे. जो झोपत नाही त्याला आम्ही दुरुस्त करतो.

झोपेतही प्रकार असतात. एक साधी झोप, हाक मारली की मोडणारी. दुसरी अशी, की ज्याची वाट बघतोय तेच घडल्याशिवाय कुणाच्या बापाला ती मोडता येत नाही. लोंढ्याच्या पुढे लाकडाची एक वखार होती, तिथल्या काट्याच्या प्रिंटरची वायर उंदरानं कुरतडली. छापणारा गडी प्रिंटरच्या उत्तराची वाट बघत या दुसऱ्या झोपेत गेला. मी तिथं जाऊन त्याला ठार मारायचे जेवढे हुकूम असतात तेवढे सोडले. पण मरायला गडी आधी जागा तरी व्हावा लागतो, आणि हा होत नव्हता. वखारीचे मालक खुर्ची ओढून शेजारी बसले, तासभर बघत राहिले आणि शेवटी अदबीनं म्हणाले, "ताई, बटण बंद करून परत चालू करू काय?" केलं. झालं. पुढे ते ज्याला-त्याला सांगत, "बेळगावच्या ताईंनी लई झटापट केली बघा." बटणाचं सांगत नसत, हा त्यांचा मोठेपणा.

असल्या गमती सांगायला सोप्या. बोरगावचं सांगायला मला जड जातं, पण लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच.

निपाणीजवळच्या बोरगावात एका दूध संस्थेच्या टाकीवर आमचा बोर्ड होता. संस्थेचं नाव लिहीत नाही. टाकी म्हणजे दूध थंड ठेवणारा मोठा कूलर. सकाळी गाव दूध घालतं, टाकी ते गार ठेवते, संध्याकाळी टँकर येऊन घेऊन जातो. तिथले ऑपरेटर तवनाप्पा. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, तोंडातून शब्द मोजून चार. पहाटे साडेचारला येत, दूध मोजून घेत, कॅन धूत, फरशी धूत, आणि बाराच्या सुमाराला भाकरी खाऊन तिथंच टाकीशेजारच्या बाकड्यावर आडवे होत.

टाकीच्या वरच्या भिंतीवर संस्थेनं नियम रंगवून घेतला होता : लाईट गेल्यास जनरेटर लगेच लावू नये, भोंगा वाजल्यावरच लावावा. डिझेल वाचवायचा हा उपाय. भोंगा आमचा, बॅटरीवर चालणारा. दूध ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापलं की तो वाजायचा. मी स्वतः जाऊन बसवला होता. पहिल्यांदा वाजवून बघितला तेव्हा शेजारच्या हौसाक्का, ज्या दारात बसून विड्या वळत, मांडीवरचं सूप टाकून रस्त्यावर आल्या होत्या.

त्या चैत्रात एके दिवशी अकराला लाईट गेली. मग दीड-दोन तास नुसती ये-जा चालली, मिनिटभर यायची, पुन्हा जायची. त्यानंतर जी गेली ती चार वाजून दहा मिनिटांनी आली. साडेचारला टँकर आला, टँकरवाल्यानं दूध तपासलं आणि झाकण परत लावलं. दूध नासलं होतं. टाकी जुनी, झाकणाचं रबर गेलेलं, बाहेर ऊन मी म्हणत होतं. गावाचं सकाळचं सगळं दूध ओढ्यात सोडलं. पांढरा ओढा बघायला अर्धं गाव जमलं होतं म्हणे.

संस्थेनं आमच्याकडं तक्रार केली. मी बोर्ड काढून बेळगावला आणला आणि चार दिवस तपासला. दर वेळी दूध तापल्याचं सोंग केलं की दर वेळी भोंगा वाजला. पाचव्या दिवशी बोर्ड आणि नोंदींचा छापील कागद घेऊन मी चौकशीला बोरगावात गेले. लाईटच्या ये-जा करण्याच्या नोंदींखाली शेवटच्या तीन ओळी अशा होत्या. १:०७ उष्णता वाढली. १:०७ भोंगा वाजला. ४:१० लाईट आली.

संस्थेच्या खोलीत चेअरमन होते, चार संचालक होते, मी होते. तवनाप्पा उभे होते.

"तवनाप्पा, एक वाजता भोंगा वाजला," चेअरमन म्हणाले. "तू कुठं हुतास?"

"हितंच. बाकड्यावर."

"काय करत हुतास?"

"झोपलोतो."

खोलीत कुणीतरी हसलं. चौकशीला आलेला माणूस पहिल्याच प्रश्नाला कबुली देईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"भोंगा हाय म्हणून झोपलोतो," तवनाप्पा म्हणाले. "वाजला तसा उठलो. लाईट आली तवा वाजला."

दाराशी हौसाक्का उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय चेअरमन, लाईट आल्यावरच वाजला. मी दारातच हुते."

"आक्का, तुमी विड्या वळा," चेअरमन म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "मॅडम, मशीन काय म्हणतंय ते परत दाखवा."

मी कागद पुढं सरकवला. एक वाजून सात मिनिटं. खाली 'यंत्रात दोष आढळला नाही' असं लिहून सही केली. तवनाप्पांनी कागदाकडं बघितलं नाही, माझ्याकडं एकदा बघितलं. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. चौदा वर्षं केलेलं काम. गावानं त्यांचं नाव झोपाप्पा ठेवलं, आणि गावानं ठेवलेलं नाव रेशनकार्डावरच्या नावापेक्षा पक्कं असतं.

मी मात्र त्या दिवशी बेळगावला परतताना खुशीत होते. बोर्ड निर्दोष सुटला होता.

दोन वर्षं गेली. मग निपाणीच्या एका कुल्फीवाल्याचा फोन आला. या गृहस्थांना कुठलीही तक्रार सरळ करता येत नसे. "मॅडम, तुमचा भोंगा लई संस्कारी हाय," ते म्हणाले. "लाईट आली की उठून स्वागत करतोय. कुल्फीचं पाणी झालं तवा गप पडलाता." मी म्हटलं, नोंदींची फाईल पाठवा. त्यांनी पेनड्राइव्ह बेळगावच्या बसच्या ड्रायव्हरकडं दिला, तो मी स्टँडवर जाऊन घेतला.

एरवी आम्ही या नोंदी आमच्याच एका प्रोग्रॅममधून बघायचो. तो ओळी वेळेप्रमाणे लावून नीटनेटक्या दाखवायचा. त्या दिवशी तो प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर होता आणि मला उठायचा कंटाळा आला, म्हणून फाईल कच्चीच उघडली. कच्च्या फाईलमध्ये ओळी ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं असतात. शेवटच्या तीन ओळींतली पहिली, उष्णता वाढली. दुसरी, लाईट आली. तिसरी, भोंगा वाजला. म्हणजे भोंगा लाईट आल्यावर वाजला होता. पण भोंग्याच्या ओळीत वेळ होती ती उष्णता वाढल्याची.

ती वेळ मीच तशी घातली होती. भोंगेवाला गडी नोंद करताना घड्याळ बघतच नसे. उष्णता कधी वाढली ती वेळ उचलायचा आणि भोंग्यापुढं लिहायचा. एका प्रसंगाच्या नोंदी एका वेळेखाली आल्या की दिसायला बरं दिसतं, असा त्या काळी माझा विचार होता. भोंगा उष्णतेनंतर क्षणात वाजणार, मग दोन वेगळ्या वेळा कशाला?

बोरगावची फाईल माझ्याकडं होती. उघडली. तोच क्रम. उष्णता, लाईट, भोंगा. मी जागेवरून उठले, पाणी पिऊन आले आणि परत बघितली. क्रम तोच होता.

भोंगा तीन तास गप का पडला हे समजायला जांबोटीला जावं लागेल. माझं माहेर जांबोटीच्या पुढं, डोंगरात. खानापूरला जायचं तर दोन तास चालत जांबोटीला यायचं आणि बसची वाट बघायची. बस दिवसाला दोन, त्याही मनात आलं तर. स्टॉपवर एक हॉटेल होतं. त्याच्या मागल्या पडवीत बाकडी होती, तिथून रस्ता दिसत नसे. दमलेली माणसं तिथं झोपत आणि बस आली की हॉटेलवाला उठवी. त्याचा एक रिवाज होता. ज्याचा टॉवेल बाकड्यावर अंथरलेला दिसेल त्याला तो हाक मारी आणि टॉवेल उचलून ठेवी. जो पायावर उभा दिसे त्याला तो काही सांगत नसे, कारण उभ्या माणसाला बस आपली आपण दिसते.

म्हणून आमच्या आईनं आम्हाला शिकवलं होतं : आधी टॉवेल अंथरायचा, मग पुढं जाऊन रस्ता एकदा बघायचा, मग आडवं व्हायचं. बघून येईपर्यंत बस आलीच, तर हॉटेलवाला टॉवेल उचलून ठेवतो. परत आलात आणि टॉवेल जागेवर नसला, तर झोपायचं नाही, पळायचं. याउलट कुणी आधी रस्ता बघितला, बस नाही म्हणून मागं वळला आणि पडवीत पोचायच्या आत बस आली, तर हॉटेलवाल्याला तो चालताना दिसतो, टॉवेल कुठंच दिसत नाही, म्हणून तो हाक मारत नाही. हा माणूस पडवीत जातो, टॉवेल अंथरतो आणि निवांत झोपतो. बस गेलेली असते. आमच्या गावात पाच वर्षांच्या मुलालाही हा क्रम पाठ होता. नवखे पाहुणे तेवढे चुकायचे.

मी सत्तावन्न वर्षांची, टॉवेल अंथरत मोठी झालेली बाई, आणि भोंगेवाला गडी मी पाहुण्यासारखा लिहिला होता. तो आधी बघायचा, दूध तापलंय का? नाही. मग यादीत नाव घालून झोपायला जायचा. बोरगावात त्या दुपारी लाईटची ये-जा चालली होती, आणि दर वेळी लाईटची नोंद करायला तोच गडी उठत होता. एक वाजून सात मिनिटांनी तो असाच उठला, नोंद केली, दुधाकडं बघितलं, ठीक होतं, वळला. त्या वळण्यात दुधानं मर्यादा ओलांडली, त्याची नोंद उष्णता बघणाऱ्या दुसऱ्या गड्यानं केली. कर्नलनं हाक द्यायला बघितलं तर गडी पायावर उभा, मग उठवायचं कुणाला? गडी गेला आणि झोपला. दूध मर्यादा एकदाच ओलांडतं, त्यामुळे दुसरी हाक आली नाही. पुढची हाक चार वाजून दहाला, लाईट आल्याची. गडी उठला, दूध तापल्याची खूण बघितली, इमानदारीत भोंगा वाजवला आणि पुढं लिहिलं, १:०७.

ही फट डोळ्याच्या पापणीला कळणार नाही एवढी बारीक. बेळगावात माझ्या टेबलाखाली यूपीएस होता, तिथं लाईट जातच नव्हती. चार दिवस काय, चार वर्षं तपासलं असतं तरी ती सापडली नसती. दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळी वरखाली केल्या, आणि वेळ घड्याळाची घातली. जेवणाच्या सुट्टीच्या आत काम झालं.

मी अण्णांकडं गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "दुरुस्ती सगळ्या बोर्डांवर पाठवा," ते म्हणाले. मी म्हटलं, पाठवली. "मग झालं की."

"बोरगावला जाऊन सांगायला पाहिजे, अण्णा."

"मॅडम, दोन वर्षं झाली. गाडलेली मढी कशाला उकरताय?"

"ते मढं नाही. त्या माणसाला अजून झोपाप्पा म्हणतात."

अण्णा बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत बसले. आमच्या मालकांना राग आला की ते कागद सरळ करत. शेवटी म्हणाले, "जाणारच असाल तर कंपनीची गाडी घेऊन जा. बसनं गेलात तर लोक म्हणतील, गुपचूप आली." दुसऱ्या दिवशी मी गाडीनं गेले.

दुपारी दोनला पोचले. ऊन होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव आडवं झालेलं. तवनाप्पा सोप्यात खाटेवर ताठ बसले होते. भिंतीला पाठसुद्धा टेकलेली नव्हती. त्यांच्या मंडळींनी मला पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिसापासनं दुपारचं आडवं पडत न्हाईत. कोण बघंल म्हणून."

मी घडलेलं सगळं सांगितलं. टॉवेलाचंही सांगितलं. ते त्यांना लगेच समजलं, कॉलेजात शिकलेल्या पोरांना समजवायला मला अर्धा दिवस लागतो.

"म्हंजे मी खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"न्हाय, आप्पा."

"त्ये मला ठावंच हुतं." त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "पाचला केंद्रावर या. मला सांगून काय उपेग?"

पाचला संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. किटल्या, कॅन, बायका, म्हातारे. काट्यावर सुनीता नावाची नवी ऑपरेटर होती. तवनाप्पा आपल्या म्हशीचं दूध घेऊन रांगेत सगळ्यांसारखे उभे होते. चेअरमनना मी आधी सांगितलं होतं, तेही आले होते आणि अवघडून उभे होते. मी काट्याशेजारी उभी राहून सांगितलं की त्या दिवशी भोंगा एक वाजता वाजला नाही, चारनंतर वाजला. कागदावरची वेळ खोटी होती. चूक मशीनमध्ये होती आणि मशीन मी बनवलं होतं.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे मशीन झोपलंतं?"

"व्हय."

"मग त्याला कामावरनं काढलं काय?"

"न्हाय. दुरुस्त केलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "बरं हाय मशीनचं," तो म्हणाला आणि किटली पुढं सरकवली.

चेअरमन घसा साफ करून म्हणाले, "तवनाप्पा, संस्था तुला परत घेईल."

"सुनीता बरं करतीया काम," तवनाप्पा म्हणाले. "तिला ऱ्हाऊ द्या. मला तवनाप्पा म्हणा, तेवढं पुरं."

माझ्या मनात आलं, संपलं, सुटले. खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. तवनाप्पा मला गाडीपर्यंत सोडायला आले, हातात रिकामी किटली. ड्रायव्हरनं दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "आक्का, एक इचारू?"

"विचारा की."

"त्यो भोंगा तुमीच बसीवलाता. वाजवून बगितलासा. हौसाक्का सूप टाकून पळाली, मी बगितलंय. त्येच्या खाली, चार हातावर, माणूस तीन तास झोपंल काय?"

मी म्हटलं, "न्हाय."

"त्या दिशी ठावं हुतं तुमाला?"

या प्रश्नाला दोन वर्षांपूर्वीच्या फाईलची गरज नव्हती, टॉवेलाची नव्हती, कर्नलची नव्हती. तो भोंगा केवढ्यानं वाजतो हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जन्मभर मी झोपवण्या-उठवण्याचाच धंदा केला. भोंगा असताना झोपणं हा गुन्हा नव्हे, हेही मला ठाऊक होतं. समोर दोन माणसं सांगत होती की लाईट आल्यावर वाजला, आणि मी कागदाकडं बघत होते, कारण कागद माझा होता. मला लाज वाटली. अजून वाटते.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "ठावं हुतं."

"मग मगाशी त्येबी सांगायचं हुतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. किटली या हातातून त्या हातात घेतली आणि उभे राहिले.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि परत केंद्रावर गेले. रांग अजून होती. हौसाक्काही आता त्यात येऊन उभ्या होत्या. मी पुन्हा काट्याशेजारी उभी राहिले आणि म्हटलं, मगाशी एक सांगायचं राहिलं. मशीनची चूक मला दोन वर्षांनी कळली. पण एवढ्या भोंग्याखाली कुणी झोपू शकत नाही, हे मला चौकशीच्या दिवशीच माहीत होतं. तेवढं मी बोलले असते तर तवनाप्पा त्याच दिवशी सुटले असते. मी बोलले नाही आणि सही केली.

चेअरमन जमिनीकडं बघत होते.

हौसाक्का म्हणाल्या, "मी सांगितलंतं."

"व्हय आक्का," मी म्हटलं. "तुमी सांगितलंतं."